अमेरिकेत 'वर्मिंट रायफल', पारशिवनीत ठासणीची बंदूक: पिकाच्या रक्षणासाठी कायदा काय देतो?

दोन-तीनशे मीटरवरचा इवलासा प्राणी एका गोळीत टिपणाऱ्या रायफलींचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. रात्रभर जागली करूनही सकाळी उलथलेलं धान पाहणाऱ्या शेतकऱ्याला ते बघून 'हे आपल्याकडे का नाही?' असं वाटणं साहजिक आहे. नागपूर जिल्ह्यातला पारशिवनी तालुका पेंच व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. रानडुक्कर आणि रोही तिथे रोजचेच.

'वर्मिंट' म्हणजे उपद्रवी प्राणी. अमेरिकेत हा शब्द मुख्यतः कुरणात बिळं करणाऱ्या प्रेअरी डॉगसारख्या छोट्या प्राण्यांसाठी वापरतात. त्यांच्यासाठी 1935 साली विंचेस्टर कंपनीने '.220 स्विफ्ट' हे काडतूस आणलं. त्याची हलकी गोळी सेकंदाला सुमारे 1,200 मीटर वेगाने सुटते. हौशी लोक जाड नळीच्या रायफली खास बनवून घेतात आणि काडतुसंही घरी भरतात. यालाच हँडलोडिंग म्हणतात.

एवढा खटाटोप कशाला? सेकंदाला 900 मीटर वेगाने सुटलेल्या गोळीला 300 मीटर जायला 0.4 सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात ती पाऊण मीटरभर खाली येते. प्रत्येक काडतुसातली दारू थोडी कमी-जास्त झाली, तर वेग बदलतो आणि नेमही. म्हणून ही मंडळी दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम!

भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार गुन्हा आहे. मग पिकासाठी कायदा काय देतो? कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर किमान वीस इंची नळीची, आतून गुळगुळीत दुसरी बंदूक मिळू शकते. रायफल या तरतुदीत नाहीच. गंमत म्हणजे ठासणीच्या बंदुकीतही दर बाराला दारू हातानेच भरावी लागते, फक्त मारा काही दशक मीटरांचा.

हे जुनाट वाटेल, पण त्याला व्यवहाराची बाजू आहे. रायफलची चुकलेली गोळी किलोमीटरहून लांब जाऊ शकते, आणि पुढच्या बांधावर दुसरा कुणीतरी जागलीला असतो. शिवाय वर्मिंट रायफलची हलकी, लवकर फुटणारी गोळी मोठ्या रानडुकरासाठी बनलेलीच नाही. जखमी डुक्कर झुडपात शिरलं, तर ते शोधायला जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणखी एक गैरसमज. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये रानडुक्कर आणि रोही 1 एप्रिल 2023 पासून अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असेल, तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. नुकसान झालंच, तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज वेगळा.

दोन कायदे, दोन परवानग्या, आणि डुकरं तर आज रात्रीच येणार. मग काही जण कुंपणात चोरून वीज सोडतात. त्या तारेला चिकटून विदर्भात वाघ मेलेत, आणि माणसंही.