छद्मरंगाचं जर्मन हेल्मेट कसं पारखावं

१९१६ साली व्हर्दूंच्या रणांगणावर जर्मन सैनिकांच्या डोक्यावर पोलादी हेल्मेट मोठ्या प्रमाणावर दिसू लागलं. त्याचा आराखडा फ्रीडरिश श्वेर्ड यांचा. जुलै १९१८ मध्ये लष्करी मुख्यालयातून हुकूम निघाला: हेल्मेटवर हिरवे, मातकट पिवळे आणि तांबूस तपकिरी तुकडे रंगवा, मध्ये बोटभर काळी रेघ ठेवा.

दुसऱ्या महायुद्धात रंगकाम बरंचसं तुकडी-तुकडीवर सोपवलेलं होतं. कुणी ब्रश फिरवला, कुणी फवारा मारला. चकाकी घालवण्यासाठी रंगात वाळू किंवा लाकडाचा भुसा कालवला. त्यामुळे दोन हेल्मेटं तंतोतंत सारखी मिळणं कठीण, आणि म्हणूनच साध्या हेल्मेटपेक्षा त्यांचा भाव कितीतरी चढा.

फसवणूकही इथेच होते. हेल्मेट खरं, आतले कारखान्याचे आणि मापाचे ठसे खरे, रंग मात्र कालपरवाचा. म्हणून ठशांवर भिस्त ठेवू नये. भिंग घेऊन गंजाचे खड्डे पाहावेत. रंग खड्ड्याच्या तळाशी उतरला असेल, तर तो गंजानंतर लावलेला आहे. अस्तर धरणारे तीन रिव्हेटही तपासावेत. झीज हाताळणीच्या जागी हवी, म्हणजे कडेला आणि माथ्यावर. सगळीकडे सारखी झीज दिसली तर संशय घ्यावा.

आणि घासूनपुसून ‘स्वच्छ’ करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वाळू मिसळलेला तो खरखरीत थर एकदा निघाला, की परत आणता येत नाही.