ट्रकच्या हौद्यावर स्वतः बांधलेलं घर: सुतारकाम सोपं, खरा प्रश्न वजनाचा, पाण्याचा आणि हवेचा

१९६० साली प्रसिद्ध अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक आपला चार्ली नावाचा कुत्रा सोबत घेऊन अमेरिका पाहायला निघाला. त्याच्याकडे एक पिकअप ट्रक होता आणि ट्रकच्या हौद्यावर झोपायला, स्वयंपाकाला, लिहायला पुरेल एवढी छोटी खोली बसवलेली होती. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याने या गाडीचं नाव ‘रोसिनान्ते’ ठेवलं होतं. ही गाडी आजही कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास इथल्या संग्रहालयात पाहायला मिळते.

स्टाइनबेकची खोली कंपनीकडून बनवून घेतलेली होती. पण अमेरिकेत अशी पेटी घरच्या घरी, प्लायवूड आणि फोम वापरून बांधणारे हौशी लोक भरपूर आहेत. आता आपल्याकडेही पिकअप घेऊन हिमालयात किंवा कोकणात भटकणाऱ्यांना ही कल्पना खुणावते. चार भिंती, एक छप्पर, एक दार. त्यात अवघड ते काय, असं वाटतं. अवघड काय आहे, ते पाहू.

पहिलं काम करवतीचं नाही, आरसी बुकाचं

गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन आणि दुसरं भरलेल्या गाडीचं कमाल वजन. या दोन्हींतला फरक म्हणजे गाडी वाहू शकते तो भार. रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो, हे बरेच जण विसरतात. म्हणजे माणसंही याच हिशेबात येतात.

समजा हा फरक ५०० किलोचा आहे आणि पेटी २.४ मीटर लांब, १.६ मीटर रुंद, १.५ मीटर उंच करायची आहे. भिंती, छप्पर आणि तळ मिळून साधारण २० चौरस मीटर क्षेत्रफळ होतं. सगळीकडे १२ मिलिमीटरचं प्लायवूड लावलं, तर नुसतं प्लायच सुमारे १४४ किलो भरतं. त्याऐवजी ३ मिलिमीटरच्या दोन पातळ प्लायमध्ये २५ मिलिमीटरचा कडक फोम चिकटवला, तर तेवढ्याच पेटीचं वजन ८८ किलोच्या आसपास येतं.

आता बाकीचं जोडा. चौकट, दार, खिडक्या ५० किलो. पलंग आणि कपाट ५० किलो. बॅटरी ३० किलो. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. शेगडी, सिलिंडर, सामान ८० किलो. दोन माणसं १४० किलो. फोमच्या भिंती असतील तर बेरीज ४९८ किलो होते आणि जाड प्लायच्या असतील तर ५५४. म्हणजे फक्त भिंतीच्या निवडीवरून गाडी मर्यादेत राहते किंवा बाहेर जाते. जास्त वजनाचा परिणाम थेट ब्रेक, टायर आणि पाट्यांवर होतो. घाटाच्या उतारावर तो सगळ्यात आधी जाणवतो.

फोमची भिंत मजबूत कशी?

फोम बोटाने दाबला तरी खड्डा पडतो, मग तो भिंतीत कसा चालतो? भिंत वाकायला लागली की तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. हा ताण-दाब बाहेरचे दोन पातळ पत्रे सहन करतात. मधल्या फोमचं काम त्या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवण्याचं. हे अंतर जितकं जास्त, तितकी भिंत ताठ. शिवाय फोम उष्णता अडवतो, त्यामुळे उन्हात पेटीची भट्टी होत नाही. मात्र चिकटवण्याचं काम नीट व्हायला हवं. डिंक सुटला की ताकद संपली. बिजागरी, कडी किंवा हुक जिथे बसवायचा, तिथे फोमच्या जागी आधीच लाकडाचा तुकडा घालावा लागतो, कारण फोममध्ये स्क्रू धरत नाही.

जड सामान कुठे ठेवायचं?

खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे. पाण्याची टाकी किंवा बॅटरी अगदी मागे, फाळक्याजवळ ठेवली तर तराजूसारखं होतं. मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागतं. वजन उंचावर गेलं तर वळणावर गाडी कलते. म्हणून टाकी आणि डिझेल पूर्ण भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलली, तर भार कुठे जातोय हेही कळतं.

पेटी फक्त स्वतःच्या वजनाने हौद्यात बसून राहील, यावरही विसंबू नये. जोरात ब्रेक लागला की ती पुढे सरकते. चारही कोपऱ्यांतून ती गाडीच्या मजबूत भागाला घट्ट आवळावी लागते. खराब रस्त्यावर केबिन आणि हौदा वेगवेगळे पिळले जातात, त्यामुळे पेटी आणि केबिन यांच्यात मोकळी जागा हवी.

पाणी दोन्हीकडून येतं

अशा पेट्या बहुधा अपघातात मोडत नाहीत, त्या कुजतात. एका सांध्यातून पाणी शिरतं, प्लायच्या कडेत मुरतं आणि वर्षभराने लाकूड भुसभुशीत झालेलं दिसतं. यावरचा उपाय कौलारू घराला ठाऊक आहे: वरचा थर नेहमी खालच्या थरावर यायला हवा आणि छपराला उतार हवा. सांधा बुजवणारं रसायन ही दुसरी फळी. प्लायची प्रत्येक उघडी कड आणि स्क्रूचं प्रत्येक भोक बंद करावं लागतं.

दुसरं पाणी आतून येतं. बंद पेटीत झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात बरीच वाफ निघते आणि थंड भिंतीवर दव होऊन साचते. त्यामुळे समोरासमोर दोन झरोके कायम उघडे हवेत.

सगळ्यात मोठा धोका

झरोक्यांचं कारण फक्त दव नाही. बंद पेटीत कोळशाची शेगडी, गॅस किंवा रॉकेलचा हीटर जळत राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपेतल्या माणसाला जाग येण्याआधीच तो बेशुद्ध होतो. थंडीच्या रात्री ऊब मिळावी म्हणून शेगडी आत घेणं ही म्हणूनच जीवघेणी चूक ठरते. स्वयंपाक शक्यतो बाहेर करावा, झोपताना आत काहीही जळत ठेवू नये आणि या वायूचा अलार्म जरूर लावावा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला की तळाशी साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला खालून बाहेर जाणारं भोक हवं. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. दार आतून उघडणारं हवं आणि बाहेर पडायला दुसरा मार्गही हवा, मग ती मोठी खिडकी का असेना.

भारतात कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पेटी काढता येते, म्हणून नियम लागूच होत नाही, असं गृहीत धरू नये. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याचा अर्थ घरी केलेल्या पेटीला आपोआप परवानगी मिळते असा नाही. आणि गाडी चालू असताना पेटीत कोणीही बसू नये. तिथे ना सीटबेल्ट असतो, ना ड्रायव्हरपर्यंत आवाज पोहोचतो.

म्हणून कामाचा क्रम असा: आधी आरसीवरचे आकडे, मग कागदावर वजनाची बेरीज, मग आरटीओत चौकशी. प्लायवूडच्या दुकानाची पायरी त्यानंतर चढावी.