‘पर्स्पिकॅसिटी’ : दृष्टी आणि मर्मदृष्टी

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या इंग्रजी कोशाची १७८४ मध्ये छापलेली प्रत आहे. तेथील पाश्चात्त्य ग्रंथांचा संग्रह मुख्यतः दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८-१८३२) यांनी उभारला. मराठी, तमिळ व संस्कृत हस्तलिखितांच्या सान्निध्यात इंग्रजी कोश असावा, ही गोष्ट शब्दांच्या तुलनेस आपोआप प्रवृत्त करते. त्या दृष्टीने ‘पर्स्पिकॅसिटी’ हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे.

लॅटिनमध्ये ‘पेर’ म्हणजे आरपार आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. यांतून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूलार्थ आरपार पाहण्याची शक्ती असा होतो. पूर्वी इंग्रजीत तो चर्मचक्षूंच्या तीक्ष्णतेसाठीही योजीत. आज तो केवळ बुद्धीविषयी वापरला जातो. त्याचा धातू आपल्याला परका नाही. संस्कृतातील ‘स्पश्’ व ‘पश्यति’ ही रूपे त्याच मूळ कुळातील होत. हेर या अर्थाचा संस्कृत ‘स्पश’ आणि त्याच अर्थाचा इंग्रजी ‘स्पाय’ हे तर सगोत्रच ठरतात. मराठीत नित्य वापरातला ‘स्पष्ट’ हा शब्दही याच धातूचा.

मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ‘स्पष्ट’ हा गुण पाहिल्या जाणाऱ्या वस्तूचा. ‘पर्स्पिकॅसिटी’ हा पाहणाऱ्याचा. इंग्रजीत वस्तूच्या अथवा लेखनाच्या स्पष्टतेसाठी ‘पर्स्पिक्युइटी’ असा निराळा शब्द आहे, आणि या दोहोंची गल्लत वारंवार होते. ‘अॅक्युमेन’ हा शब्दही वेगळा : त्यात टोकाची कल्पना आहे. दर्भाच्या अग्रावरून आलेला आपला ‘कुशाग्र’ त्याच्याशी तंतोतंत जुळतो.

मग ‘पर्स्पिकॅसिटी’ला मराठी प्रतिशब्द कोणता? सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत. बाहेरून न दिसणारे, पण ज्यावर सर्व अवलंबून, ते मर्म. म्हणून ‘मर्मदृष्टी’ हा शब्द आम्हांस अधिक समर्पक वाटतो; ‘कुशाग्रता’ बुद्धीची धार सांगते, तिचा भेद सांगत नाही.

सरफोजींच्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी व त्यांच्या डोळ्यांची चित्रे याच ग्रंथालयात जतन झालेली आहेत. डोळा सर्वांनाच दिसतो. त्यातील विकार ओळखण्यास मात्र दुसरी दृष्टी लागते. ‘पर्स्पिकॅसिटी’चा अर्थ याहून निराळा नाही.