अडकित्ता आणि घडीचा चाकू

लग्न ठरले की आपल्याकडे ‘सुपारी फुटली’ असे म्हणतात. पण खरी सुपारी फोडणे सोपे नसते. ती गोल, गुळगुळीत आणि कठीण. चाकूने कापू गेलात तर ती निसटते आणि बोट कापते! म्हणून कामोठे-पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंत, रायगड जिल्ह्यातल्या जुन्या घरांत पानाच्या डब्याजवळ अडकित्ता असे.

अडकित्त्याचे दोन दांडे एका टोकाशी खिळ्याने जोडलेले असतात. वरच्या दांड्याला पाते असते, खालच्यावर सुपारी टेकते. खिळा हा टेकू, सुपारी हा भार आणि मुठीचा जोर हे बल. भार मध्ये आहे. म्हणजे ही दुसऱ्या प्रकारची तरफ झाली.

समजा, सुपारी खिळ्यापासून २ सेंमी आणि मूठ १२ सेंमी अंतरावर आहे. बल × बलभुजा = भार × भारभुजा. म्हणून मुठीने ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला, की सुपारीवर ३० किलोग्रॅम वजनाइतका जोर पडतो. अर्थात हे फुकट मिळत नाही. पाते १ मिमी सरकायला मूठ ६ मिमी सरकावी लागते.

फ्रान्सच्या साव्हॉय भागातील जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेल्या प्रसिद्ध घडीच्या चाकूतही असाच खिळा आहे. पण तेथे तो टेकू नाही. पाते लाकडी मुठीत मिटावे, एवढेच त्याचे काम. मग कापताना पाते बोटांवर मिटले तर? यासाठी १९५५ मध्ये चाकूच्या मानेवर पाते अडवणारे फिरते कडे आले. अडकित्त्याला असे कडे नको, कारण मिटणे हेच त्याचे काम!

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नक्षीदार अडकित्ते पाहायला मिळतात. पितळेला हवा तो आकार देता येतो, पण तिची धार टिकत नाही. म्हणून पितळी अडकित्त्यालाही पाते पोलादाचे लागते.

मात्र अडकित्त्याचे कौतुक सुपारीला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात, तंबाखूशिवाय खाल्लेली सुपारीसुद्धा माणसाला कर्करोगकारक ठरवली आहे.

तेव्हा प्रयोगासाठी खारीक घ्या. मोठ्यांच्या देखरेखीखाली ती एकदा खिळ्याजवळ आणि एकदा पात्याच्या टोकाजवळ धरून कापा. तरफेचा नियम तुमच्या मुठीलाच कळेल.