कोलॅजनची सुई : बाहेरून भर नव्हे, आतली मजुरी

भंडारा जिल्हा धानाचा. रोवणीपासून कापणीपर्यंत वाकून काम करणाऱ्याचे तोंड खाली आणि मानगूट आभाळाकडे असते. शेतात आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्याची मानगूट पाहावी : कातडी चामड्यासारखी जाड, तिच्यावर खोल चिरा. त्याच माणसाची सदऱ्याखालची पाठ मात्र बरीच मऊ असते. वय दोन्हींचे एकच, फरक उन्हाचा.

त्वचेला ताण देणारे मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजन. त्याची रचना तीन पदरी दोरासारखी असते, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५च्या सुमारास मांडले. हा दोर वळणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी वयाबरोबर मंदावतात. शिवाय अतिनील किरणांमुळे त्वचेत असे विकर वाढतात, जे तयार दोरच कापतात. मिशिगन विद्यापीठातील गॅरी फिशर व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हे दाखवून दिले.

१९८१ साली अमेरिकेत गाईच्या कातडीपासून काढलेले कोलॅजन टोचायला परवानगी मिळाली. पण ते काही महिन्यांत विरघळे आणि काहींना त्याची ॲलर्जी येई. आजच्या कोलॅजन-उत्तेजक इंजेक्शनांत कोलॅजन नसतेच. त्यांतील पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिड हे दह्याला आंबट करणाऱ्या आम्लाच्या कुळातले. विरघळणाऱ्या टाक्यांतही त्याचे भाऊबंद वापरतात. त्याचे सूक्ष्म कण त्वचेखाली गेले की शरीर त्यांना परके मानते, त्यांना घेरते आणि त्यांच्याभोवती नवे कोलॅजन विणते. कण हळूहळू विरतात, विणकाम काही काळ उरते. म्हणून परिणाम दिसायला आठवडे-महिने लागतात, सुया दोन-तीनदा घ्याव्या लागतात, आणि फरक साधारण दोन वर्षे टिकतो. दुसरे द्रव्य कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट, म्हणजे हाडादातांतल्या खनिजाचे भावंड.

पहिल्या द्रव्याला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली ती सौंदर्यासाठी नव्हे. एचआयव्हीच्या रुग्णांचे गाल खोल जात आणि चेहराच आजाराची चुगली करी. त्यांच्यासाठी ती होती. सुरकुत्यांसाठीची परवानगी २००९ची.

धोका समजून घेणे महत्त्वाचे. सूज, निळे डाग येतात. कधी गाठी होतात. हायल्युरोनिक ॲसिडचे फिलर बिघडले तर ते विरघळवणारे औषध आहे. या कणांना तसा उतारा नाही. द्रव्य रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे काम पार्लरचे नाही. सुई घेण्याआधी डॉक्टरची पदवी व नोंदणी पाहावी, सीलबंद कुपीवरचे नाव व मुदत वाचावी, आणि काही बिघडले तर काय कराल, हे स्पष्ट विचारावे.

आणि सुई घेतली तरी ऊन थांबत नाही. नवे कोलॅजनही तेच विकर कापतात. डोक्यावरून मानेपर्यंत बांधलेला दुपट्टा, रुंद काठाची टोपी, उघड्या भागाला सनस्क्रीन आणि तंबाखूचा धूर बंद : असलेला दोर राखण्याचे हे उपाय सुईपेक्षा स्वस्त आहेत, आणि ते चाळिशीची वाट न पाहता सुरू करता येतात.