वस्त्रातील माया

माणसाची पारख कपड्यांवरून करू नये असे आपण मुलांना शिकवतो, आणि तीच मुले गुंड्या तुटलेला सदरा घालून बाहेर निघाली की त्यांना दारातून परत फिरवतो. या दोन गोष्टींत वरवर वाटतो तेवढा विरोध नाही. कपड्याची किंमत पाहून माणसाला जोखू नये हे खरे, परंतु माणूस आपला कपडा कसा वागवतो यावरून त्याच्याविषयी थोडेफार कळते, हेही खरे. पोशाखातील ज्या गुणाला आपण टापटीप म्हणतो, तो नवेपणातून येत नाही. तो येतो मापातून, स्वच्छतेतून आणि निवडीतून. हे मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. दुसऱ्याने वापरलेला कपडा विकत घेऊन, थोडा उसवून, थोडा शिवून आपण अंगावर घातला, तर त्यात कमीपणा कोणता?

हा प्रश्न विचारायला दिल्लीशेजारचे नोएडा हे शहर फार सोयीचे आहे. १७ एप्रिल १९७६ रोजी जन्माला आलेल्या या शहराला कोणा राजाचे किंवा नदीचे नाव मिळाले नाही. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ या सरकारी नावाची आद्याक्षरे जुळवून ते तयार झाले. मूळ हेतू उद्योगांचा होता, आणि त्या उद्योगांत तयार कपड्यांच्या कारखान्यांनी मोठी जागा व्यापली. परदेशी दुकानांसाठी येथे सदरे, झगे, विजारी शिवल्या जातात. मागणीपेक्षा थोडा जास्त माल तयार होतो, काही नगांत एखादी टीप सुटते, एखाद्याचा रंग नमुन्याहून किंचित वेगळा उतरतो. असा माल जहाजावर चढत नाही. तो हातगाडीवर येतो. नावाच्या चिठ्ठ्या कापून टाकलेले हे कपडे दिल्लीच्या सरोजिनी नगरात, नोएडाच्या अट्टा बाजारात आणि निरनिराळ्या सेक्टरांतील आठवडी बाजारांत ढिगाने विकायला बसतात.

हा झाला न वापरलेला, परंतु नाकारलेला कपडा. खरोखर वापरलेल्या कपड्याची वाट निराळी आहे. पश्चिम दिल्लीत रघुबीर नगर येथे अगदी पहाटे जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरतो. मूळच्या गुजरातच्या वाघरी समाजातील स्त्रिया घरोघर हिंडून भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेतात आणि येथे आणून विकतात. मराठी माणसाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. आपली बोहारीण ती हीच. दुपारी घरची मंडळी कामाला गेली की तिची हाळी वाड्यात घुमायची, आणि दोन लुगडी व एक कोट यांवर पातेले मिळावे की नुसती वाटी, यावरून तासभर घासाघीस चालायची. त्या लुगड्यांचे आणि कोटाचे पुढे काय होते, याची चौकशी मात्र आपण सहसा केली नाही. चांगले कपडे धुऊन, दुरुस्त करून पुन्हा विकले जातात. जे अगदीच कामातून गेले ते पुसणी म्हणून कारखान्यांत जातात. लोकरीचे असतील तर पानिपतला त्यांचा पिंजून पुन्हा धागा होतो आणि त्याची घोंगडी निघतात. कपडा आपल्या नजरेआड होतो, इतकेच.

मग संकोच कशाचा? या संकोचाची मुळे खोल आहेत आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे, आणि सेवक शूद्राला जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही सांगितले आहे. म्हणजे उतरलेला कपडा हा आपल्याकडे केवळ दारिद्र्याचा भाग नव्हता. तो माणसाला त्याची पायरी दाखवण्याचे साधन होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना पोशाखाविषयीही सांगितले. जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची तऱ्हा सोडून द्या, कपडा फाटका असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. या उपदेशात कपड्याविषयीचे सारे तत्त्व आले आहे. त्यांनी नव्या किंवा भारी कपड्याचा आग्रह धरला नाही. आग्रह धरला तो आपला पोशाख आपण ठरवण्याचा. नोएडामध्ये २०११ साली खुल्या झालेल्या राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळावर बाबासाहेबांचे शिल्प पाहताना हे आठवले, तर त्या नेटक्या कोटाचा अर्थ अधिक नीट कळतो.

ज्या जिल्ह्यात हे शहर वसले आहे त्याला १९९७ साली गौतम बुद्ध नगर असे नाव मिळाले, आणि जुन्या वस्त्राची दुसरी बाजू पाहायची तर बुद्धाकडेच जावे लागते. धुळीत, उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन व रंगवून त्यांचे चीवर शिवण्याची रीत त्याच्या भिक्षूंत होती. अशा वस्त्राला पाली भाषेत पंसुकूल म्हणतात. विनयपिटकातील हकीकत अशी की, मगध देशातील शेतांचे बांध पाहून बुद्धाने आनंदाला त्याच आकृतीचे चीवर बेतायला सांगितले, आणि आनंदाने तुकडे जोडून ते बेतले. आजही भिक्षूंच्या चीवरावर ते बांध दिसतात.

याच ग्रंथात दुसरी एक गोष्ट आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला संशय आला की हा भिक्षू दुकान मांडणार की काय, म्हणून त्याने विचारले, ‘एवढ्या वस्त्रांचे काय कराल?’ ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू, असे आनंद म्हणाला. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. पांघरुणे जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची आंथरुणे, मग पायपुसणी, मग झटकणी, आणि शेवटी त्या चिंध्या कुटून, चिखलात कालवून त्यांनी जमीन सारवायची. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. ज्या आजीने लुगड्याचे दुपटे केले, दुपट्याची गोधडी केली आणि गोधडीचे पायपुसणे केले, तिने ही कथा ऐकली नसेलही. हिशोब मात्र तिचाही हाच होता.

एकच चिंधी एकाच्या अंगावर अपमान होते आणि दुसऱ्याच्या अंगावर व्रत. लादलेला जुना कपडा आणि निवडलेला जुना कपडा यांत हा एवढा फरक आहे. आणि निवड पक्की होते ती सुईदोऱ्याने. दुसऱ्याच्या मापाचा सदरा तसाच अंगात अडकवला तर तो दुसऱ्याचाच दिसतो. तो उसवून आपल्या मापाने शिवला की आपला होतो. तेव्हा आता थोडे शिवणकामाकडे वळू.

शिंप्याच्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे, माया. शिवणीच्या आत, टिपेच्या पलीकडे जे जास्तीचे कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. मूल वाढेल, माणूस लठ्ठ होईल, तेव्हा उसवून कपडा सैल करता यावा म्हणून ही तरतूद. पूर्वीचे शिंपी हात सैल सोडून माया ठेवत. कारखान्यातल्या कपड्यात एकेक सूत कापड वाचवायचे असते, म्हणून माया थोडी असते. जुना कपडा घेताना तो आधी उलटा करावा आणि माया किती आहे ते पाहावे. माया नसलेला तंग कपडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. सैल कपडा घट्ट करता येतो, घट्ट कपडा मायेवाचून सैल होत नाही.

त्यानंतर खांदा पाहावा. खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या टोकाशी नीट बसत असेल तर बाकीचे पुष्कळ जमवता येते. खांदा आणि मुंढा बदलणे हे मात्र कसबी हाताचे काम आहे, आणि अस्तराच्या कोटाचेही तसेच. मग कापड उजेडासमोर धरावे, म्हणजे विरलेली जागा व कसरीची भोके दिसतात. काख, कॉलर, कफ आणि विजारीची बैठक या चार जागा आधी झिजतात. परदेशी मापांच्या कपड्यांत बाह्या आणि विजारीचे पाय आपल्याला बहुधा लांब पडतात, परंतु तो दोष नव्हे. कापलेला तो तुकडा ठिगळाला किंवा खिशाला उपयोगी पडतो.

घरी आणलेला कपडा आधी धुवावा, मग कापावा. सुती कापड धुतल्यावर आटते, आणि क्रम उलटा केला तर नीट बेतलेली विजार घोट्याच्या वर जाते. रंग जातो का ते आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा फडका दाबून पाहावे. सुती कपडे उन्हात वाळवावेत. लोकरीचे कपडे मात्र थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत पसरावेत. टांगले तर ते ओघळतात.

बाजू आत घ्यायच्या असतील तर सदरा उलटा करून अंगात घालावा आणि दुसऱ्या कोणाकडून दोन्ही बाजूंना सारख्या टाचण्या लावून घ्याव्यात. तो उतरवून टाचण्यांच्या ओळीवर धावदोरा घालावा, पुन्हा घालून बसून, वाकून, हात वर करून पाहावे, आणि मगच टीप मारावी. कापड लगेच कापू नये. एक महिना वापरून पाहावे, कारण एकदा कापलेली माया परत येत नाही. विजारीची किंवा झग्याची उंची कमी करताना दुमड घालून आतून तुरपाई करावी. टाका वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलील इतका बारीक असावा. ठिगळ लावताना त्याचा उभा धागा मूळ कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते चुरमडते. झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवली की सदरा आणखी दोन वर्षे चालतो. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात परिणामकारक बदल गुंड्यांचा. एकाच जातीच्या नव्या गुंड्या लावल्या, आणि लावताना त्यांच्या मुळाशी दोऱ्याचे चार वेढे दिले, की तोच सदरा वेगळा दिसू लागतो.

हे सारे आपल्याला नवे नाही. मधोमध विरलेले लुगडे तेथे कापून, त्याचे धड भाग पुन्हा जोडून, दंड घालून नेसण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर होती. त्या दंडाची लाज वाटायची, कारण त्याने घरची ओढ उघडी पडत असे. आज परिस्थिती पालटली आहे. एका सुती सदऱ्यामागे, कापसाच्या शेतापासून मोजले तर, सुमारे २७०० लिटर पाणी खर्च होते असा अंदाज सांगितला जातो. ज्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घामातून तो कापूस येतो त्यांतले कितीतरी विदर्भातले आहेत. सदरा आणखी दोन वर्षे चालवणे म्हणजे त्यांच्या मेहनतीची किंमत ठेवणे होय.

तथापि एक सावधगिरी बाळगायला हवी. स्वस्त मिळते म्हणून ढिगातून दहा कपडे उचलले आणि आठ पेटीत पडून राहिले, तर ती काटकसर नव्हे. पुण्याहून किंवा नागपूरहून नोकरीसाठी नोएडाला आलेल्या मराठी कुटुंबाला तेथील पहिल्या हिवाळ्यात एक जाड कोट लागतो. तो बाजारात जुना मिळाला आणि बाह्यांची लांबी तेवढी शिंप्याकडून कमी करून घेतली, तर काम भागले. ज्याच्यापाशी मोजके, मापाचे आणि मनापासून निवडलेले कपडे आहेत, त्याचा पोशाख लोकांच्या लक्षात राहतो. शैली म्हणतात ती याहून वेगळी काही असेल असे वाटत नाही.

आणि घेण्याइतकेच देण्याचेही भान हवे. दिल्लीत १९९९ साली अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली गूंज ही संस्था गावोगावच्या लोकांना जुने कपडे नुसते वाटत नाही. विहीर खणणे, रस्ता दुरुस्त करणे अशी गावाने स्वतः ठरवलेली कामे पार पडली की त्यांचा मोबदला म्हणून ती कपडे देते. घेणाऱ्याची मान ताठ राहावी ही त्यामागची दृष्टी आहे. आपण घरातला कपडा देतो तेव्हा एवढे तरी करावे. तो धुवावा, उसवलेली शिवण सांधावी, तुटलेली गुंडी लावावी आणि घडी घालून द्यावा. दुसऱ्याच्या अंगावर तो कपडा उतरलेला म्हणून जाईल की वापरण्याजोगा म्हणून, हे आपल्या हातच्या त्या दहा मिनिटांच्या कामावर अवलंबून असते.