व्यापारचिन्हाची मुदत

छोट्या व्यावसायिकास त्याच्या मालमत्तेची यादी करावयास सांगितली, तर गाळा, यंत्रे, गोदामातील माल, बाजारात अडकलेली येणी इतक्या गोष्टी तो तत्काळ सांगतो. परंतु ज्या नावाच्या विश्वासावर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते, ज्या नावाच्या पाकिटाला परगावचा किराणा दुकानदार आपल्या फळीवर जागा देतो, आणि ज्या नावाला बट्टा लागू नये म्हणून दोन पिढ्यांनी मालाची प्रत सांभाळली, ते नाव त्या यादीत बहुधा येत नाही. कायद्याने मात्र त्या नावाला मालमत्तेचा दर्जा दिलेला आहे, आणि या मालमत्तेचा एक गुण तर फार थोड्या मालमत्तांच्या ठिकाणी आढळतो. पेटंटची मुदत वीस वर्षांत संपून तो शोध सर्व जगाचा होतो, ग्रंथकर्त्याचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षांनी विराम पावतो. पण नोंदणीकृत व्यापारचिन्हाचे, म्हणजे आपण ज्याला ट्रेडमार्क म्हणतो त्याचे, आयुष्य वेळोवेळी नूतनीकरण केले असता अमर्याद वाढविता येते. अट इतकीच की, दर दहा वर्षांनी येणारी एक तारीख मालकाने चुकवता कामा नये.

आज जो कायदा अमलात आहे तो १९९९ चा असून १५ सप्टेंबर २००३ पासून तो लागू झाला. त्यापूर्वीच्या १९५८ च्या कायद्यान्वये नोंदणीची मुदत सात वर्षांची होती आणि नूतनीकरणही सात-सात वर्षांनी करावे लागे; नव्या कायद्याने ती दहा वर्षांची केली. ही सवलत व्यापाऱ्याच्या सोयीसाठी दिली गेली हे खरे, तथापि तिच्यामुळे विस्मरणाला तीन वर्षांची अधिक सवड मिळाली हेही तितकेच खरे. सात वर्षांत हिशेबनीस बदलत नसे. दहा वर्षांत हिशेबनीस, वकील, दुकानाचा पत्ता आणि कित्येकदा गल्ल्यावर बसणारी पिढीसुद्धा बदललेली असते.

मुदत मोजण्यात जी चूक सर्वांत अधिक घडते, तिचे मूळ नोंदणीच्या प्रमाणपत्रातच आहे. अर्ज केल्यानंतर तपासणी होते, आक्षेप निघाल्यास उत्तर द्यावे लागते, मग चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होऊन चार महिन्यांपर्यंत कोणासही हरकत घेता येते, आणि हे सर्व निर्विघ्न पार पडल्यावर प्रमाणपत्र हाती येते. यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. हरकत आल्यास त्याहून पुष्कळ अधिक. स्वाभाविकपणेच मालक समजतो की, प्रमाणपत्र ज्या दिवशी मिळाले त्या दिवसापासून दहा वर्षांची गणना सुरू झाली. कायदा मात्र अर्जाच्या तारखेलाच नोंदणीची तारीख मानतो. समजा, मसाल्याच्या एका उत्पादकाने १२ जुलै २०१६ रोजी अर्ज केला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळाले, तर त्याची मुदत फेब्रुवारी २०२८ मध्ये नव्हे, जुलै २०२६ मध्येच संपते. प्रमाणपत्र बारकाईने पाहिले तर त्यावर ही गोष्ट लिहिलेली असते: आरंभी नमूद केलेल्या तारखेपासून दहा वर्षे, आणि ती आरंभीची तारीख म्हणजे अर्जाची तारीख. परंतु ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले, की त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेला मजकूर पुन्हा वाचण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ज्याला खात्री करून घ्यावयाची आहे त्याने ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर आपल्या नोंदणीचा क्रमांक घालून ई-रजिस्टरमधील आपली नोंद उघडावी. चिन्ह कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे तेथे स्पष्ट छापलेले असते, आणि ते पाहण्यास शुल्क पडत नाही.

मुदत संपण्यापूर्वी एक वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी टीएम-आर नावाचा नमुना आहे. तो ऑनलाइन भरल्यास प्रत्येक वर्गासाठी ९,००० रुपये आणि कागदी स्वरूपात दप्तरात दाखल केल्यास १०,००० रुपये पडतात. ‘प्रत्येक वर्गासाठी’ हे शब्द ध्यानात ठेवावेत, कारण माल आणि सेवा मिळून एकूण ४५ वर्ग केलेले आहेत आणि एकाच स्वयंपाकघरातून निघालेले पदार्थसुद्धा निरनिराळ्या वर्गांत पडतात: मसाले तिसाव्या वर्गात, तर लोणची एकोणतिसाव्या वर्गात. दोन्हीसाठी नोंदणी केलेल्याने एकाच वर्गाचे शुल्क भरून समाधान मानले, तर दुसऱ्या वर्गातील चिन्ह निराधार राहते.

तारीख उलटली म्हणून चिन्ह त्याच रात्री नष्ट होत नाही. पुढील सहा महिन्यांत नूतनीकरणाच्या शुल्काव्यतिरिक्त ४,५०० रुपयांचा अधिभार भरून ते वाचविता येते. सहा महिनेही गेले, तर चिन्ह रजिस्टरमधून काढून टाकले जाऊ शकते; तरीही मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो, त्यासाठी ९,००० रुपये पुनःस्थापनेचे आणि ९,००० रुपये नूतनीकरणाचे असे एकंदर १८,००० रुपये प्रत्येक वर्गामागे भरावे लागतात, आणि पुनःस्थापना करणे न्याय्य आहे असे रजिस्ट्रारला वाटले तरच ती मंजूर होते. वर उल्लेखिलेल्या मसालेवाल्याचे उदाहरण पुढे चालविले तर अधिभाराची सवड जानेवारी २०२७ मध्ये आणि पुनःस्थापनेची जुलै २०२७ मध्ये संपेल. पुनःस्थापना झाली तरी नवी दहा वर्षे जुनी मुदत संपल्याच्या दिवसापासूनच धरली जातात. म्हणजे विलंबाने एक दिवसाचाही लाभ होत नाही.

येथे एका मोहाचा विचार अवश्य केला पाहिजे, कारण काटकसरीने व्यवसाय करणाऱ्या सज्जन माणसांच्या मनातही तो येतो. नव्या नोंदणीच्या अर्जासाठी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना सवलत आहे. उद्यम नोंदणीचा दाखला जोडला तर ऑनलाइन अर्जास प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये पुरतात. नूतनीकरणाला मात्र अशी सवलत नाही. तेथे घरगुती पापडवाल्यास आणि मोठ्या कंपनीस एकच दर. तेव्हा साहजिकच असा हिशेब मांडला जातो की, ९,००० रुपये, किंवा मुदत चुकल्यास १३,५०० अथवा १८,००० रुपये भरण्यापेक्षा जुनी नोंदणी सुटू द्यावी आणि निम्म्या पैशांत नवा अर्ज करावा. हा हिशेब अत्यंत घातक आहे, आणि छोट्या व्यावसायिकांना तो सुचविणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. व्यापारचिन्हाच्या नोंदणीचे सर्वांत मोठे मोल तिच्या जुनेपणात असते. नवा अर्ज केला की तारीख आजची लागते, आणि मधल्या दहा-वीस वर्षांत ज्यांनी आपल्या चिन्हाशी मिळतेजुळते नाव नोंदविले ते सर्व कागदोपत्री आपल्या आधीचे ठरतात. पुन्हा तपासणी, पुन्हा आक्षेप, पुन्हा जर्नल, पुन्हा चार महिन्यांची हरकतीची मुदत. आणि वीस वर्षांपूर्वी सहज नोंदविले गेलेले आडनाव किंवा मालाचे वर्णन करणारा शब्द आजच्या भरगच्च रजिस्टरमध्ये स्वीकारला जाईलच अशी शाश्वती कोण देणार? नवी नोंदणी मिळेपर्यंत नक्कल करणाऱ्यावर नोंदणीच्या उल्लंघनाचा दावाही लावता येत नाही. ‘पासिंग ऑफ’चा दावा नोंदणीवाचूनही करता येतो हे खरे, परंतु त्यात आपल्या नावाची बाजारातील प्रतिष्ठा, प्रतिवादीने ग्राहकांची केलेली दिशाभूल आणि त्यामुळे झालेली हानी ही सर्व पुराव्यानिशी सिद्ध करण्याचा भार आपल्यावर पडतो, उलट नोंदणीचा दाखला न्यायालयात चिन्हाच्या वैधतेचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. पुराव्याचे हे ओझे साडेचार हजार रुपयांच्या बचतीसाठी डोक्यावर घेणे शहाणपणाचे नाही.

कायद्याने विस्मरणशील मालकाचा विचार अजिबात केलेला नाही असे मात्र नाही. मुदत संपण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आत रजिस्ट्रारने मालकास सूचना पाठवावी असा नियम आहे. २०१७ च्या नियमांत या सूचनेच्या नमुन्यास आरजी-३ असे म्हटले आहे, पूर्वी तो ओ-३ या नावाने ओळखला जाई. ही सूचना न पाठविता चिन्ह रजिस्टरमधून काढून टाकणे कायद्याला धरून नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सिपला या औषध कंपनीच्या प्रकरणात २०१३ साली स्पष्ट केले. ज्यांना सूचना मिळाली नाही त्यांच्या दृष्टीने हा निर्णय मोठ्या आधाराचा आहे. परंतु त्यावर विसंबून स्वस्थ बसणे योग्य नव्हे, कारण सूचना जाते ती रजिस्टरमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर किंवा मालकाने नेमलेल्या एजंटाच्या पत्त्यावर. दुकान बुधवार पेठेतून हडपसरला गेले, एजंटाने वृद्धापकाळामुळे काम सोडले, ई-मेलचा पत्ता जुन्या कारकुनाच्या नावाचा होता आणि तो कारकून नोकरी सोडून गेला, तर सूचना नियमाप्रमाणे रवाना होऊनही मालकाच्या हाती पडत नाही, आणि मग न्यायालयात दाद मागण्याचा खर्च नूतनीकरणाच्या शुल्काच्या कित्येक पट होतो. प्रमाणपत्राच्या तळाशी आणखी एक टीप असते, ती अशी की, मालकीत, व्यवसायाच्या मुख्य ठिकाणात किंवा पत्रव्यवहाराच्या पत्त्यात कोणताही बदल झाला तर त्याची नोंद तत्काळ करून घ्यावी. टीएम-पी या नमुन्याने असा बदल नोंदविता येतो.

याच ओघात एका सावधगिरीचा उल्लेख करतो. व्यापारचिन्हांचे रजिस्टर सर्वांसाठी खुले असल्यामुळे आपली मुदत कधी संपते हे कोणासही कळू शकते, आणि सरकारी पत्रासारखी भासणारी पैशाची मागणी पाठविणारे भामटेही त्याचा उपयोग करून घेतात. पैसे भरण्यापूर्वी रजिस्टरमधील आपली नोंद स्वतः पाहावी आणि शुल्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरच भरावे, अथवा ओळखीच्या वकिलामार्फत भरावे.

परंतु महाराष्ट्रातील कौटुंबिक व्यवसायांत नूतनीकरण अडते ते बहुतेक वेळा पत्त्यामुळे नव्हे, मालकाच्या नावामुळे. नोंदणी वडिलांच्या एकट्याच्या नावावर असते, वडील निवर्तलेले असतात, आणि मृत्यूनंतर सातबारावर, घरावर, बँकेतल्या ठेवींवर वारसांची नावे लागली तरी चिन्हाचा विषय कोणाच्या ध्यानात येत नाही. वाटणीपत्रात गिरणी थोरल्याकडे आणि दुकान धाकट्याकडे असे लिहिले जाते. नाव कोणाकडे, याविषयी एक अक्षरही नसते, आणि पाच-सात वर्षांनी दोघे भाऊ एकाच नावाची दोन निरनिराळी पाकिटे बाजारात विकू लागतात. अशा वेळी नूतनीकरणाची तारीख जवळ आली की अर्ज कोणी करावयाचा यावरून घरातील जुना वाद नव्याने पेटतो, आणि तो मिटेपर्यंत सहा महिन्यांची सवड निघून जाते. रजिस्टरमध्ये ज्याचे नाव आहे त्यालाच दप्तर मालक म्हणून ओळखते. म्हणून वारसाहक्काने किंवा हस्तांतराने मिळालेली मालकी टीएम-पी भरून आणि मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र, वाटणीपत्र यांसारखे दस्तऐवज जोडून वेळीच नोंदवून घेतली पाहिजे. भागीदारी मोडताना किंवा तिचे रूपांतर खाजगी मर्यादित कंपनीत करतानाही हीच काळजी घ्यावी लागते. वाटणीपत्र करणाऱ्या वकिलास ‘आणि ट्रेडमार्क?’ एवढा प्रश्न घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाने वेळीच विचारला, तर पुढचे पुष्कळ कज्जे टळतील अशी माझी खात्री आहे.

नूतनीकरण म्हणजे चिन्ह बदलण्याची संधी नव्हे. चित्रकाराकडून नवा लोगो करून घेतला असेल, अक्षरांची घडण बदलली असेल, तर नूतनीकरण जुन्याच चिन्हाचे होते आणि नव्यासाठी बहुधा वेगळा अर्ज करावा लागतो. नवा माल विकावयास काढला असेल तर त्याच्या वर्गातही स्वतंत्र नोंदणी लागते. आपल्याकडे नूतनीकरणाच्या वेळी चिन्हाच्या वापराचा पुरावा मागत नाहीत. तथापि नोंदविल्यानंतर पाच वर्षे आणि वर तीन महिने चिन्ह वापरलेच नाही, तर त्यामुळे बाधित होणारा कोणीही ते रद्द करण्याची मागणी करू शकतो, हे ध्यानात ठेवावे. आणि नोंदणी संपल्यावरही वर्तुळातील ‘आर’ हे अक्षर पाकिटावर छापीत राहिल्यास ते नोंदणीचे खोटे निवेदन ठरून दंड होऊ शकतो. नुसते ‘टीएम’ लिहिण्यास मात्र अडचण नाही.

ज्यांचे पुनःस्थापनेचे वर्षही हातचे गेले आहे, त्यांच्यासाठी नव्या अर्जावाचून मार्ग उरत नाही. परंतु त्या अर्जात चिन्हाचा वापर कोणत्या तारखेपासून सुरू आहे ते नमूद करता येते, आणि जुनी बिले, जाहिराती, छापखान्याच्या पावत्या, जुन्या पाकिटांचे नमुने, विक्रीकराची विवरणे ही सर्व प्रतिज्ञापत्रासह जोडून आपला जुना वापर सिद्ध करता येतो. रजिस्टरमधून काढलेले चिन्ह, काढल्यापासून एक वर्षपर्यंत, दुसऱ्याच्या अर्जाचा विचार करताना रजिस्टरवर असल्यासारखेच धरले जाते. मात्र काढण्यापूर्वीच्या दोन वर्षांत त्याचा प्रामाणिक वापर झालेला नसेल किंवा गोंधळाचा संभव नसेल, तर हे संरक्षण मिळत नाही. तेव्हा नवा अर्ज करावयाचा असेल तर तो या वर्षाच्या आत करावा, आणि जुन्या बिलांची पेटी रद्दीवाल्यास देण्यापूर्वी उघडून पाहावी.